तुला काही त्रास होतो का? : उन्हाळी, पांढरं पाणी आणि न विचारलेल्या प्रश्नाचा इतिहास

नेहमीप्रमाणे या भागाची लिखित प्रत इथे देतेय. बोलताना जिथे अडखळले ते काढलंय, बाकी सगळं जसंच्या तसं.

हा भाग हेडफोन लावून ऐकायचा की स्पीकरवर, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण का लपवावंसं वाटतं, यावरच आजचा भाग आहे. आणि मुलांनो, तुम्ही स्किप करू नका. तुमच्या घरात आई आहे, बहीण आहे, उद्या बायको असेल. शिवाय यातले काही जंतू तुमच्याकडूनही येतात-जातात.

गोष्ट माझ्यापासूनच सुरू करते. मी पहिल्या वर्षाला पुण्यात हॉस्टेलवर होते. कॉलेजमधलं मुलींचं टॉयलेट असं होतं, की आम्ही सकाळी साडेआठला बाहेर पडायचो आणि संध्याकाळी रूमवर येईपर्यंत कळ काढायचो. कळ काढता यावी म्हणून पाणीच प्यायचं नाही. दोन-तीन महिन्यांत व्हायचं ते झालं. सारखं लघवीला जावंसं वाटायचं, गेलं की चार थेंब, आणि आग अशी की डोळ्यांत पाणी यायचं. आईला फोन केला. आई म्हणाली, "उन्हाळी लागलीये गं. सब्जा घे, धन्या-जिऱ्याचं पाणी पी." मेडिकलवर जाऊन मी काकांना हळू आवाजात सांगितलं. त्यांनी त्याहून हळू आवाजात तीन गोळ्या कागदात गुंडाळून दिल्या. बरं वाटलं. महिन्याने परत तेच, परत तीन गोळ्या. तिसऱ्या खेपेला थंडी वाजून ताप आला, पाठीत बरगडीखाली दुखायला लागलं. मैत्रिणींनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. इन्फेक्शन किडनीपर्यंत पोचलं होतं.

तिथे मला विचारलेला पहिला प्रश्न होता, "लग्न झालंय का?" नाही म्हटल्यावर दुसरा, "मग हे कसं झालं?" किती दिवसांपासून होतंय, आधी कुठल्या गोळ्या घेतल्या, दिवसभरात पाणी किती पितेस, हे विचारलं ते दुसऱ्या दिवशी राउंडला आलेल्या एका डॉक्टरबाईंनी. लघवीचं कल्चर झालं, योग्य औषध मिळालं आणि मी बरी झाले.

पुढे इतिहासाचा हा पॉडकास्ट करायला लागले तेव्हा ते दोन प्रश्न डोक्यात होतेच. म्हटलं, बघूया तरी. हे आजार माणसाला कधी कळले? औषधं कधी सापडली? आणि ती सापडूनही बाईपर्यंत पोचायला एवढा वेळ का लागला?

शब्द होतेच

आपल्याकडे शब्दांची कमी कधीच नव्हती. लघवीला जळजळ झाली की उन्हाळी. पांढरं पाणी जायला लागलं की अंगावरून जातंय, जुन्या बायकांच्या तोंडी धुपणी. संस्कृत ग्रंथांत मूत्रकृच्छ्र आहे, प्रदर आहे. चरकसंहितेत स्त्रीच्या जननेंद्रियांचे वीस विकार सांगितलेत, त्यांना योनिव्यापद म्हणतात. म्हणजे हजारो वर्षांपूर्वी हे कुणीतरी पाहिलं, मोजलं, नाव देऊन लिहून ठेवलं.

पण नाव असणं वेगळं आणि ते मोठ्याने घेता येणं वेगळं. 'उन्हाळी' हा शब्द चारचौघांत चालतो, कारण त्यात दोष उन्हाचा. 'धुपणी' मात्र न्हाणीघराच्या बाहेर आली नाही.

आता थोडं शरीर समजून घेऊ, म्हणजे पुढचं सोपं जाईल. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर लांब असतो, पुरुषाचा त्याच्या कितीतरी पट. शिवाय शौचाची जागा जवळ. आतड्यात गुपचूप राहणारा ई. कोलाय नावाचा जंतू तिथून मूत्राशयात चढला की त्रास सुरू. १८८५ मध्ये जर्मनीत थिओडोर एशेरिश यांनी तो पहिल्यांदा वर्णन केला. लघवीच्या साध्या इन्फेक्शनमध्ये बहुतेक वेळा हाच सापडतो. लग्न झालं असो-नसो, तो विचारत बसत नाही. शरीरसंबंधांनंतर हा त्रास वाढू शकतो हे खरं, पण माझ्यासारख्या कळ काढणाऱ्या मुलीलाही तो होतो.

योनीची गोष्ट वेगळी. तिथे जंतू असणं हीच निरोगी असल्याची खूण! १८९२ मध्ये आल्बर्ट डोडरलाइन या जर्मन डॉक्टरांनी दाखवलं, की निरोगी योनीत काही जंतू असतात आणि ते लॅक्टिक आम्ल तयार करतात. या लॅक्टोबॅसिलसचे भाऊबंद आपल्या दह्याच्या विरजणातही असतात. त्या आंबटपणामुळे बाहेरच्या जंतूंना तिथे थारा मिळत नाही. म्हणून थोडं पांढरट किंवा पाण्यासारखं जाणं, पाळीच्या चक्राप्रमाणे ते कमी-जास्त होणं, हा आजार नाही. ती जागेची स्वतःची राखण आहे. ती राखण ढासळली की गडबड होते. आणि साबणाने, जंतुनाशकाने, सुगंधी लिक्विडने आतून धुतलं की ती हमखास ढासळते.

दिसला १८३६ मध्ये, औषध १९६० मध्ये

१८३६ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड डोने या डॉक्टरांनी स्त्रियांच्या स्रावाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. त्यात त्यांना एक शेपट्यांचा जीव वळवळताना दिसला. आज त्याला ट्रायकोमोनास म्हणतात. पाश्चर आणि कॉख यांनी जंतूंमुळे रोग होतात हे सिद्ध करायला अजून काही दशकं होती. म्हणजे जंतुशास्त्र जन्माला येण्याआधीच हा जंतू दिसला होता.

आणि त्यावर गोळी कधी आली? फ्रान्समध्ये मेट्रोनिडाझोल बाजारात आलं १९६० च्या सुमारास. हो, तीच पोट बिघडल्यावर घरोघरी घेतली जाणारी कडू गोळी. तिचा पहिला मोठा उपयोग पोटासाठी नव्हता, बायकांच्या या आजारासाठी होता! मधली सव्वाशे वर्षं बायकांनी काय केलं? वेगवेगळ्या द्रावणांनी धुणं, आतून औषधं लावणं, आणि सोसणं.

बुरशीची, म्हणजे कॅन्डिडाची, गोष्ट मला जास्त आवडते, कारण त्यात दोन मैत्रिणी आहेत. खूप खाज आणि दह्याच्या चोथ्यासारखं घट्ट पांढरं जाणं, ही याची ओळख. पूर्वी त्यावर जेंशन व्हायोलेट लावायचे. तेच जांभळं औषध, जे लहानपणी तोंड आल्यावर तुमच्या-माझ्या तोंडात लावलं गेलंय. कपडे जांभळे व्हायचे ते वेगळंच.

१९४० च्या दशकात अमेरिकेत पेनिसिलिनसारखी अँटिबायोटिक्स आली आणि एक नवी अडचण उभी राहिली. औषध जंतू मारायचं, त्यात राखण करणारे चांगले जंतूही मरायचे आणि बुरशीला मोकळं रान मिळायचं. बुरशीवर सुरक्षित औषध हवं होतं. एलिझाबेथ हेझन न्यूयॉर्क शहरात होत्या, रसायनतज्ज्ञ रेचल ब्राउन ऑल्बनीत. दोघी राज्याच्या आरोग्य खात्याच्या प्रयोगशाळांत नोकरीला. हेझन ठिकठिकाणची माती गोळा करून त्यातले सूक्ष्मजीव वाढवायच्या, काचेच्या बरणीत भरून पोस्टाने ऑल्बनीला पाठवायच्या. ब्राउन त्यातलं रसायन वेगळं काढून परत पोस्टाने पाठवायच्या. असं चालू असताना व्हर्जिनियातल्या एका मित्राच्या दुधाच्या फार्मवरच्या मातीत हवा तो जीव सापडला. १९५० मध्ये त्यांनी शोध जाहीर केला. न्यूयॉर्क स्टेट या नावावरून औषधाला नाव दिलं निस्टॅटिन. पेटंटचे १ कोटी ३० लाख डॉलरहून जास्त पैसे आले, ते दोघींनी संशोधनासाठी देऊन टाकले. पुढे १९६६ मध्ये इटलीतल्या फ्लोरेन्समध्ये पूर आला, तेव्हा भिजून बुरशी आलेली चित्रं वाचवायलाही हेच औषध वापरलं.

लघवीच्या इन्फेक्शनसाठी नायट्रोफ्युरँटॉइन अमेरिकेत १९५३ मध्ये आलं. सत्तर वर्षं झाली, आजही साध्या इन्फेक्शनला पहिल्या फळीतलं औषध तेच. त्याच दशकात बॉस्टनमध्ये एडवर्ड कॅस यांनी लघवीतले जंतू मोजायची रीत बसवली: एका मिलिलिटरमध्ये एक लाख. गरोदर बाईला काहीही त्रास नसला तरी तिच्या लघवीत जंतू असू शकतात, आणि उपचार नाही झाले तर ते किडनीपर्यंत जाऊ शकतात, हेही त्यांच्या कामातून पुढे आलं. आज गरोदरपणात लघवी तपासायला सांगतात, त्यामागे हे आहे. आणि १९५५ मध्ये ह्यूस्टनच्या गार्डनर आणि ड्यूक्स यांनी पातळ, करड्या रंगाच्या, माशासारखा वास येणाऱ्या स्रावाचं कोडं मांडलं. त्याला आज बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात. मेट्रोनिडाझोल यावरही चालतं.

आता हिशोब करा. १९६० च्या आसपास बुरशीवर औषध आहे, ट्रायकोमोनासवर आहे, लघवीच्या इन्फेक्शनवर आहे. महागडी यंत्रं नकोत, ऑपरेशन नको, गोळ्या आणि मलम. मग प्रश्न सुटायला हवा होता ना?

विचारणाऱ्यावर खटला

इथे जरा मागे, आपल्या मुंबईत जाऊ. १८८३ मध्ये अमेरिकेला निघालेल्या आनंदीबाई जोशींनी सेरामपूरच्या भाषणात हेच सांगितलं होतं, की हिंदुस्थानात स्त्री डॉक्टरांची गरज आहे. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. त्याच वर्षी मुंबईत बायकांसाठी कामा हॉस्पिटल उघडलं, आणि तिथे एडिथ पीची या स्त्री डॉक्टर काम बघायला लागल्या. पुरुष डॉक्टरला दाखवायचं नाही म्हणून घरात कुढणाऱ्या बायकांसाठी एक दार उघडलं. पण ते दार शहरात होतं.

मग आले र. धों. कर्वे. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक. त्यात ते लैंगिक आरोग्यावर सरळ मराठीत लिहायचे, वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायचे. त्यावरून त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरंच आक्षेपार्ह ठरवली होती. त्यांची बाजू कोर्टात कोणी मांडली माहितीये? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. मासिक मात्र १९५३ मध्ये ते जाईपर्यंत चालू राहिलं.

म्हणजे बघा, तिकडे प्रयोगशाळांत औषधांचा शोध चालू होता, इकडे प्रश्न विचारणं आणि उत्तर देणं हाच गुन्हा ठरत होता.

वसा आणि आमिर्झा

आता गडचिरोली. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरमधून वेगळा काढलेला जंगलाचा जिल्हा. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग तिथे गेले आणि 'सर्च' ही संस्था उभी केली. राणीताई स्त्रीरोगतज्ज्ञ. त्या काळात सरकारी भाषेत खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे दोनच गोष्टी: बाळंतपण आणि कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन. पोटात बाळ नसेल तेव्हाही तिला शरीर असतं, हे कुठल्या रजिस्टरमध्ये नव्हतं. स्त्रीरोगांची जी माहिती होती, ती बहुतेक दवाखान्यात पोचणाऱ्या बायकांवरून काढलेली. जी पोचतच नाही तिचं काय?

बंग दांपत्याने वसा आणि आमिर्झा ही दोन गावं घेतली. तपासणी गावातच. बायकांशी आधी बोलणं, मग स्त्री डॉक्टरकडून तपासणी, मग प्रयोगशाळेतल्या चाचण्या. ६५० बायकांचा हा अभ्यास जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

आकडे सांगते, जरा थांबून ऐका. ६५० पैकी ९२ टक्के बायकांना एक किंवा जास्त स्त्रीरोग होते. सरासरी एका बाईला ३.६ आजार. यातला निम्मा भाग जननमार्गाच्या इन्फेक्शनचा. आणि याआधी कधीतरी तपासणी आणि उपचार झालेल्या बायका किती? ८ टक्के.

अजून एक आकडा आहे, तो मला सगळ्यात जास्त लागला. ५५ टक्के बायकांनी काहीतरी तक्रार सांगितली. ४५ टक्क्यांना काहीच तक्रार नव्हती. पण आजार तर ९२ टक्क्यांना! म्हणजे कितीतरी बायकांना आजार होता आणि तो त्रास आहे असं त्या म्हणतच नव्हत्या. काही आजारांत लक्षणं नसतात हे खरं. पण जे आईला होतं, सासूला होतं, जावेला होतं, त्याला बाई आजार कशाला म्हणेल? ते तिच्यासाठी पावसासारखं. येतं, जातं, असतं.

हा अभ्यास दोन गावांपुरता होता आणि पुढे इतरत्र झालेल्या अभ्यासांत आकडे कमी-जास्त आले. पण त्याने एक गोष्ट कायमची केली: जे मोजलंच जात नव्हतं ते मोजून टेबलावर ठेवलं. १९९४ मध्ये कैरोला लोकसंख्येवर जागतिक परिषद झाली, तिथे 'लोकसंख्या रोखा' ही भाषा मागे पडून 'प्रजनन आरोग्य' ही भाषा पुढे आली. या बदलामागच्या पुराव्यांत गडचिरोलीचा हा अभ्यास होता. १९९७ मध्ये भारताने प्रजनन आणि बाल आरोग्य कार्यक्रम सुरू केला, त्यात जननमार्गाची इन्फेक्शन्स अधिकृतपणे आली. आज सरकारी दवाखान्यात रंगांप्रमाणे औषधांची पाकिटं मिळतात. त्यातलं हिरवं पाकीट पांढऱ्या पाण्यासाठी. त्यात एक औषध जंतूंवर, एक बुरशीवर.

गोव्याने गाठ वाढवली

इथवर आले तेव्हा मला वाटलं, एपिसोड झाला. विचारा, तपासा, पाकीट द्या, संपलं. मग गोव्यातला अभ्यास वाचला आणि पुन्हा पहिल्यापासून विचार करावा लागला.

२००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यात २,४९४ बायकांचा अभ्यास केला. त्यात साधारण २८ टक्के बायकांना जननमार्गाचं इन्फेक्शन सापडलं. पण त्यातली बहुतेक इन्फेक्शन्स शरीरातलाच तोल बिघडल्याने झालेली: बॅक्टेरियल व्हजायनोसिस आणि बुरशी. लैंगिक संबंधांतून आलेली फक्त ४ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे "हे कसं झालं?" असं भुवया उंचावून विचारणाऱ्यांना यात उत्तर आहे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पांढरं जास्त जातंय अशी तक्रार करणाऱ्या बायका साडेचौदा टक्के होत्या. पण या तक्रारीचं सगळ्यात घट्ट नातं जंतूंशी निघालं नाही. ते निघालं ताण, नैराश्य, थकवा, घरातल्या त्रासाशी. बायकांना स्वतःला कारण विचारलं, तर अनेकींनी मनाचा ताण सांगितला, अनेकींनी अंगातली उष्णता.

गडचिरोलीत आजार होता, तक्रार नव्हती. गोव्यात कित्येकींची तक्रार होती, पण जंतू नव्हता. उलट वाटतं ना? मला वाटतं, दोन्हीकडे गोष्ट एकच आहे. बाईला जे बोलता येत नाही, ते ती एकतर गिळते, नाहीतर ज्या शब्दाला समाजात थोडी जागा आहे त्या शब्दात सांगते. "मी थकलेय, मला झोप येत नाही, नवरा मारतो" हे दवाखान्यात सांगता येत नाही. "पांढरं जातंय, कंबर दुखते" हे सांगता येतं. नुसतं हिरवं पाकीट हातात ठेवलं तर पहिलीला कदाचित फायदा होईल. दुसरी तेच दुःख घेऊन परत येईल.

आणि परत परत आली की काय होतं, ते मराठवाड्याने दाखवलं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची गर्भाशयं काढल्याची बातमी २०१९ मध्ये गाजली. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पोटात दुखणं, जास्त अंगावर जाणं, पांढरं पाणी, इन्फेक्शन अशा तक्रारी घेऊन बायका जायच्या, आणि अनेकींना सांगितलं जायचं, "पिशवी काढून टाका." फडावर ना टॉयलेट, ना पाणी, ना पाळीत सुट्टी. खाडा केला तर मजुरी कापली जाते. जिथे काही रुपयांच्या गोळ्या, स्वच्छ पाणी आणि चार प्रश्न पुरले असते, तिथेही पिशवी गेली.

म्हणून माझ्यासाठी या इतिहासाचं सार एवढंच आहे: तक्रार नाही म्हणजे आजार नाही असं नाही, आणि तक्रार आहे म्हणजे जंतूच आहे किंवा पिशवीच खराब आहे असंही नाही. मधे कुणीतरी बसून विचारावं लागतं, ऐकावं लागतं, तपासावं लागतं. त्याला शॉर्टकट नाही.

तुमच्या कामाचं

मी डॉक्टर नाही. पण एवढं प्रत्येकीला माहीत असायला हवं, आणि हे डॉक्टरांकडून खात्री करूनच सांगतेय.

लघवीला जळजळ आणि सारखं जावं लागणं, एवढंच असेल तरी डॉक्टरला दाखवा; मेडिकलवरच्या तीन गोळ्या नकोत. अर्धवट कोर्स, चुकीचं औषध यामुळे जंतू निर्ढावतात. आज भारतात ई. कोलायवर कितीतरी नेहमीची अँटिबायोटिक्स चालेनाशी झालीत. म्हणून तर सत्तर वर्षांपूर्वीच्या औषधाला पुन्हा भाव आलाय. त्रास परत परत होत असेल तर गोळी सुरू करण्याआधी लघवीचं कल्चर करून घ्या. ताप, थंडी, पाठीत बरगडीखाली दुखणं, उलट्या, लघवीतून रक्त यातलं काही असेल किंवा तुम्ही गरोदर असाल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. सब्जा, धन्याचं पाणी जरूर प्या. पाणी पोटात जाणं चांगलंच. पण किडनीपर्यंत गेलेलं इन्फेक्शन त्याने उतरत नाही.

पांढऱ्या पाण्याला वास नाही, खाज नाही, रंग बदललेला नाही, तर बहुतेक वेळा ते नेहमीचंच आहे. खाज आणि चोथ्यासारखं असेल तर बुरशी असू शकते. माशासारखा वास असेल तर जंतूंचा तोल बिघडलेला. हिरवट-पिवळं, फेसाळ असेल तर ट्रायकोमोनास असू शकतो, आणि तेव्हा जोडीदारानेही औषध घ्यायला हवं, नाहीतर तुम्ही बऱ्या होऊन पुन्हा आजारी पडाल. ओटीपोटात दुखून ताप येत असेल तर थांबू नका. नुसत्या लक्षणांवरून फसायला होतं, म्हणून तपासणी हवीच. बाहेरून साध्या पाण्याने धुतलं की पुरे, आतून काही नको. ती जागा स्वतःची राखण स्वतः करते.

आणि टॉयलेट. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' नावाची चळवळ चालली. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना पैसे का, हा साधा प्रश्न त्यांनी महापालिकेला विचारला. हसू नका, हा आरोग्याचा प्रश्न आहे. मला किडनीपर्यंत इन्फेक्शन झालं ते बंद दाराच्या एका टॉयलेटमुळे.

शेवटचा फोन

ब्रह्मपुरीजवळच्या एका गावात माझी आजी राहते. वैनगंगा ओलांडली की पलीकडे गडचिरोली जिल्हा. हा भाग लिहून झाल्यावर तिला फोन केला. जेवलीस का, गुडघा कसा आहे, सगळं झालं. मग मी विचारलं, "आजी, लघवीला, खाली वगैरे तुला काही त्रास होतो का गं?"

ती आधी हसली. "आता या वयात हे काय विचारतेस बाई!" मग गप्प झाली. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाली, "आग होते. दोन-तीन वर्षं झाली. रात्री चार-पाच वेळा उठते. अंगावर तर पहिल्यापासूनच जायचं, तुझ्या बापाच्या वेळेपासून."

मी म्हटलं, "मग सांगितलं का नाहीस?"

"कोणी विचारलं?"

गेल्या आठवड्यात बाबा तिला डॉक्टरकडे घेऊन गेले. लघवीत इन्फेक्शन निघालं, साखरही तपासली. डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं, की पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, मग डोडरलाइनने पाहिलेले ते राखणदार जंतूही कमी होतात आणि असं वारंवार होतं. गोळ्यांचा कोर्स दिला, आतून लावायचं मलम दिलं. काल फोन आला. म्हणाली, रात्री एकदाच उठावं लागलं.

तर मंडळी, या आठवड्याचं तुमचं काम एकच. घरातल्या एका बाईला विचारा, "तुला काही त्रास होतो का?" विचारून झालं की लगेच बोलू नका. थोडा वेळ शांतता राहील. ती राहू द्या. फोन कट झालेला नसतो.

पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या, पाणी प्या, कळ काढू नका.